गुगलवर आपल्या नावाचा भलताच माणूस निघतो: हा घोळ कसा सोडवायचा

माझं नाव सिद्धाराम. आडनाव इथे मुद्दाम देत नाही, कारण ते दिलं की त्याच नावाची आणखी किती तरी माणसं या लिखाणात ओढली जातील आणि त्यातल्या एकालाही मी विचारलेलं नाही. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यामुळे इथे घराघरात सिद्धाराम, सिद्राम, सिद्धेश्वर, सिद्रामप्पा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर उभं राहून नुसती ‘सिद्राम’ अशी हाक मारा, किती जण मागे वळतात ते दिसेल. गावात याचा कधी त्रास नव्हता. तालमीजवळचा सिद्राम, पोस्टातला सिद्राम, कारखान्यातला सिद्राम, एवढं म्हटलं की ओळख पटायची. गुगलवर नाव टाकणाऱ्याला मात्र ना तालीम दिसते ना कारखाना. त्याच्यासमोर नुसतं नाव असतं.

अशोक चौकाजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, उतारे, दाखले अशी कामं. महिन्यातून दोन-तीन माणसं तरी हीच तक्रार घेऊन येतात: “मालक, माझं नाव टाकलं की भलताच माणूस येतोय. तेवढं काढून टाका की.” मी स्वतः या घोळातून तीन वेळा गेलोय, त्यामुळे त्यांची घालमेल मला कळते. पण पहिलंच सांगतो, त्या दुसऱ्या माणसाला काढून टाकता येत नाही आणि टाकूही नये. तो खरा आहे, नाव त्याचंही आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच, की आपण दोघे वेगळे आहोत हे बघणाऱ्याला पटकन कळावं. खाली जे सांगतोय ते सगळं तेवढ्यासाठीच.

दुखणं नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

लोक वेगवेगळ्या गोष्टींना ‘नावाचा घोळ’ म्हणतात आणि मग चुकीच्या दारात जातात. आपलं नाव शोधल्यावर दुसऱ्याची माहिती दिसणं ही एक गोष्ट. दुसऱ्याचे ईमेल, बिलं, रिपोर्ट आपल्याकडे येणं ही दुसरी. दुसऱ्याचं कर्ज किंवा खटला आपल्या नावावर धरला जाणं ही तिसरी, आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिच्यातच होतं.

या तिन्हींत न बसणारी चौथी गोष्ट म्हणजे तोतया. त्या खात्यावर आपलाच फोटो असेल, आपल्याच ओळखीच्या लोकांना मेसेज जात असतील, पैसे मागितले जात असतील, तर ते नामसाधर्म्य नव्हे. तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली कलमं ६६ क आणि ६६ ड याचसाठी आहेत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तिथे पुढचं काही वाचत बसू नका. स्क्रीनशॉट काढा, त्या खात्याची लिंक जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा.

आपलं नाव शोधायचं कसं

बहुतेक जण स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून नाव शोधतात. तिथे गुगलला आपण कोण, कुठे राहतो, आधी काय बघितलं हे ठाऊक असतं आणि त्याचा परिणाम निकालांवर होतो. म्हणून इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरमधली खाजगी, खिडकी उघडा, लॉगिन करू नका, मगच शोधा. पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे तेवढाच शब्दसमूह शोधला जाईल. मग त्याच्यापुढे ‘सोलापूर’ जोडून बघा. मग वडिलांचं नाव मध्ये घालून बघा. एखादा नामबंधू फारच पुढे पुढे येत असेल, तर त्याच्या गावाच्या किंवा धंद्याच्या शब्दाआधी वजाचं चिन्ह जोडून टाका, तो शब्द असलेली पानं गळतात. फोटोंचा विभागही उघडून बघा, कारण स्थळ बघणारे आधी तिथेच जातात.

आता आपल्या मराठीतली खरी अडचण. ‘सिद्ध’ हे जोडाक्षर द् ला ध जोडून होतं. पण किती तरी याद्यांत, पत्रिकांत, बातम्यांत ते ‘सिध्द’ असं उलटं टाइप केलेलं असतं. वाचताना आपल्या लक्षातही येत नाही, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफची गोष्ट आणखी अवघड. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसल्या तर वाचताना मराठी दिसते, पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरांचा चुथडा उमटतो. अशा फाइलमधलं नाव मराठीत शोधून सापडत नाही. मग इंग्रजी स्पेलिंग. एक डी की दोन, एच लावायचा की नाही, शेवटी ‘अप्पा’ आहे की नाही. माझ्या स्वतःच्या नावाची सहा स्पेलिंगं मी वहीत लिहून ठेवली आहेत. त्यातलं एक टाकलं की कर्नाटकातले नेते सिद्धरामय्याच सगळ्यात वर येतात. विजयपूर आणि कलबुर्गी आपल्याला लागून, त्यामुळे तिकडचे नामबंधूही भरपूर. आपल्या तेलुगू भाषक घरांत आडनाव आधी लिहायची रीत आहे, त्यांनी नाव दोन्ही क्रमांनी शोधावं.

वही खरंच करा. कोणत्या स्पेलिंगवर कोण दिसतो, तो काय करतो, कुठला आहे, एवढं एका ओळीत लिहा. पुढे बँकेत किंवा सोयऱ्यांसमोर बसायची वेळ आली तर ही वही फार उपयोगी पडते.

शोधताना जपून का राहायचं, त्याचा एक प्रसंग सांगतो. सातवीतला एक मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी चार हुतात्म्यांचे फोटो छापायला दुकानात आला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेली आपली माणसं. त्याने पेन ड्राइव्ह दिला. जगन्नाथ शिंदे या नावाखाली कोट घातलेल्या एका गृहस्थांचा रंगीत फोटो होता आणि मुलाने त्याला मोठ्या भक्तिभावाने झेंडूचा हार जोडला होता. फोटोतले गृहस्थ हयात असणार हे उघड होतं. मी प्रिंट थांबवली. दोघांनी मिळून पुन्हा शोधलं: अवतरणचिन्हांत नाव, पुढे सोलापूर, पुढे १९३१. या वेळी योग्य माणूस सापडला. मुलगा गप्प होता. जाताना एवढंच म्हणाला, “काका, त्या दुसऱ्या आजोबांना कळलं असतं तर त्यांना किती वाईट वाटलं असतं.” यात मुलाची काहीच चूक नव्हती. शोधाच्या पहिल्या पानावर जो चेहरा येतो, तोच खरा मानायची आपल्या सगळ्यांना सवय लागली आहे.

दिसतोय दुसराच, तेव्हा

इथला उपाय संथ आहे, पण टिकाऊ आहे. जिथे जिथे आपण स्वतः नाव लिहितो तिथे ते एकाच पद्धतीने लिहायचं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्याकडे मधलं नाव ही केवढी मोठी सोय आहे! इंग्रजी प्रोफाइलवर ते गाळायची फॅशन आली आणि घोळ वाढला. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर राज्यात आईचं नावही येतं, आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना माझ्याइतकं झगडावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

नावाला गाव आणि काम जोडा. मराठी विकिपीडियावर एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असल्या की ‘निःसंदिग्धीकरण’ नावाचं पान करतात आणि प्रत्येकाची ओळख वेगळी पाडतात. आपणही तेच करायचं. दुकान असेल तर गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करून घ्या आणि मालकाचं पूर्ण नाव घाला. नोकरी असेल तर लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत काम आणि सोलापूर दोन्ही लिहा. सगळीकडे एकच फोटो ठेवा, तोही अलीकडचा. विद्यापीठात शिकवणाऱ्यांचे शोधनिबंध नामबंधूंच्या निबंधांत मिसळतात. त्यांनी ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक काढावा. तो फुकट मिळतो आणि संशोधकांसाठी नेमक्या याच अडचणीवर तयार झालेला आहे.

गुगलने २०२० मध्ये भारतात ‘पीपल कार्ड’ नावाची सोय आणली होती, आपली ओळख आपणच लिहायची. माझ्या दुकानात बऱ्याच जणांनी ते कार्ड करून घेतलं होतं. ती सोय आता बंद झाली आहे, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका. शोधनिकालांच्या बाजूला माहितीची चौकट येते आणि तिच्यात फोटो एकाचा, माहिती दुसऱ्याची असं झालेलं असेल, तर चौकटीखालच्या ‘अभिप्राय’वर दाबून चूक दाखवता येते.

दुसऱ्याचे ईमेल येतात, तेव्हा

जीमेलमध्ये पत्त्यातल्या टिंबाला किंमत नाही. सिद्धाराम टिंब अमुक आणि सिद्धारामअमुक हे एकच खातं. नामबंधूला वाटतं की आपल्या पत्त्यात टिंब आहे, म्हणजे तो वेगळा. किंवा तो शेवटचा आकडा विसरतो, किंवा फॉर्म भरून देणारा माणूस अंदाजाने पत्ता ठोकतो. मग त्याचं सगळं आपल्याकडे येत राहतं. आपलं खातं कुणी फोडलेलं नसतं, एवढी खात्री आधी मनाशी बाळगा.

माझ्याकडे एके दिवशी रक्त तपासणीचा रिपोर्ट आला. त्याच आठवड्यात मीही साखर तपासायला रक्त दिलं होतं, म्हणून बिनधास्त उघडला. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा, आकडा बघून हातपाय गार पडले. मग वर वय दिसलं: ६८. शहर दुसरंच. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरा विचार आला, की हा रिपोर्ट ज्यांचा आहे त्यांना तो मिळालेलाच नसणार. त्या लॅबला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, पत्ता पेशंटनेच बदलायला हवा, तुम्हाला त्यांचा नंबर देता येणार नाही. तिचं बरोबरच होतं. पुन्हा फोन करून म्हटलं, “ताई, मला त्यांचा नंबर नको. माझा नंबर त्यांना द्या.” संध्याकाळी त्या आजोबांच्या मुलीचा फोन आला. त्या चार दिवस रिपोर्टची वाट बघत होत्या.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. दुसऱ्याची माहिती मागू नका, आपली द्या. पाठवणाऱ्याला दोन ओळींत कळवा की हा पत्ता तुमच्या ग्राहकाचा नाही. मेलच्या तळाशी ‘हे खातं माझं नाही’ अशी लिंक असली तर तीच वापरा, फक्त मेल खरोखर त्याच कंपनीकडून आलाय ना हे आधी बघा. ‘पुष्टी करा’वर कधीही दाबू नका, नाही तर दुसऱ्याचं खातं आपल्या पत्त्याला कायमचं चिकटतं. आणि पासवर्ड बदलून त्याच्या खात्यात शिरायचा मोह तर अजिबात नको. हेतू मदतीचा असला तरी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात जाणं कायद्याने गुन्हा आहे.

पैशांच्या बाबतीतही थोडं असंच. कारखानदार शनिवारी घाईत पगार पाठवतात आणि फोनमधल्या तीन सिद्रामांपैकी भलत्यालाच जातो. ३० जून २०२५ पासून यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. पण दोघांचं नावच एक असेल तर नाव बघून काय उपयोग? नंबरचे शेवटचे चार आकडे समोरच्याला विचारून ताडून बघा.

दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर

घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, तुमचं आधीचं वाहनकर्ज थकलेलं आहे. मी आयुष्यात वाहनकर्ज काढलेलं नाही. त्या खुर्चीत बसून किती लाज वाटली ते सांगता येत नाही, चूक माझी नसताना. माझ्या नावावरच्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट मागवला तेव्हा उलगडा झाला. नाव तेच, आडनाव तेच आणि जन्मतारीखही तीच: १ जून. आपल्या वयाच्या लोकांना यातलं कारण लगेच कळेल. पोराला शाळेत घालताना तारीख कुणाला आठवत नसे, मास्तर जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. वर्ष जुळलं, नाव जुळलं आणि जुन्या नोंदीत पॅन नसलं की दोन माणसांची एक फाइल होते.

पॅन असलं तरी पूर्ण वाचा. त्यातलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे आडनाव एक असलं की ही दोन्ही अक्षरं सारखीच येणार. वरवर बघून ‘हो, माझंच’ म्हणून सही करू नका.

भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही मागवा, कारण घोळ एकीकडे असतो आणि दुसरीकडे नसतो. चुकीची नोंद सापडली की त्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘हे खातं माझं नाही’ या प्रकारात तक्रार नोंदवा आणि ज्या बँकेच्या नावे कर्ज दिसतंय तिलाही लेखी द्या. ३० दिवसांत निकाल लागायला हवा. एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तक्रार क्रमांक कागदावर उतरवून ठेवा. माझी नोंद सव्वीसाव्या दिवशी निघाली. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय, घराच्या कागदांच्याच पिशवीत.

नावावर खटला दिसतो, तेव्हा

धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी तिच्या भावाचं, म्हणजे माझं, नाव शोधलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या फसवणुकीच्या गुन्ह्याची बातमी निघाली. बोलणी अचानक थांबली, फोन उचलेनात. कारण कळायलाच आठ दिवस गेले, मामांच्या ओळखीतून.

मी रागावलो नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांच्या घरी गेलो आणि बातमीच त्यांच्यासमोर उघडली. मराठी बातमीत कंसात ‘वय अमुक, रा. तमुक’ असं लिहायची रीत आहे, त्याचा इथे फार उपयोग होतो. वय माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी जास्त, गाव वेगळं. तेवढ्यावर त्यांच्या काकांचं समाधान होईना. मग न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर ते प्रकरण काढलं. पक्षकाराच्या नावाने, न्यायालय आणि वर्ष निवडून शोधता येतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो लिहून घ्या, पुढे तोच टाकला की थेट पान उघडतं. माझ्या नशिबाने तिथे वडिलांचं नावही होतं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मग माझ्या वडिलांकडे बघितलं आणि आत चहा सांगितला.

असं काही तुमच्या नावाबाबत असेल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, ऑनलाइन अर्ज करता येतो. बातमीत वय किंवा गाव नसेल तर संबंधित वृत्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी असा अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. बातमी काढा असं मागू नका, ती दुसऱ्याबाबत खरी असू शकते. वडिलांचं नाव आणि गाव घाला, एवढंच मागा. ते मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

एकदा सगळं निस्तरलं म्हणून ते कायमचं मिटत नाही. नवीन याद्या निघतात, नवीन बातम्या येतात. गुगल अलर्टमध्ये आपलं नाव दोन-तीन स्पेलिंगांत टाकून ठेवा, काही नवीन आलं की मेल येतो. आणि दर तीन महिन्यांनी इनकॉग्निटोत एकदा शोधा. मी अमावस्येला दुकानाची झाडलोट करतो, त्याच दिवशी वही घेऊन बसतो.

मागच्या दिवाळीत त्या आजोबांचा आणखी एक रिपोर्ट माझ्याकडे आला, या वेळी वेगळ्या लॅबचा. मी तो न उघडता त्यांच्या मुलीला कळवलं. अर्ध्या तासात तिचा मेसेज आला, की पत्ता बदलून घेतला आणि बाबांचे आकडे आता बरे आहेत.